टार्गेट पूर्ण होतंय, मग एकाच्या दादागिरीने टीमचं नेमकं काय बिघडतं?

प्रश्न – कामकरी: एखादा सीनियर एकाच सहकाऱ्याला चारचौघांत टोचून बोलतो, मेलमधून वगळतो. पण टीमचे आकडे चांगले आहेत. नुकसान कुठे शोधायचं? आणि कडक शिस्त कुठे संपते?

मधली_फळी: आकडे सगळ्यात शेवटी पडतात. आधी आटते ती माहिती. बघणारे ओळखतात की तोंड उघडलं की पुढचा नंबर आपला. मग अडचण डेडलाइनच्या आदल्या दिवशी कळते, मीटिंगमध्ये प्रश्न येत नाहीत, मदत मागणं बंद होतं. २०१५ साली नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ टीम्सवर प्रयोग झाला. बाहेरच्या तज्ज्ञाने नुसतं तुच्छतेने बोललं तरी निदान आणि उपचार दोन्ही घसरले, कारण टीममधली देवाणघेवाण आणि मदत मागणं कमी झालं. तिथे तर छळही नव्हता, थोडा उद्धटपणाच होता! म्हणून चुकांची नोंद अचानक कमी झाली तर खूश होऊ नका. चुका तेवढ्याच असतील, सांगणारे गप्प झालेले असतात.

नियमबुक: शिस्त कामाबद्दल बोलते, सगळ्यांना सारखी लागते आणि सुधारायचं कसं तेही सांगते. छळ माणसाबद्दल बोलतो आणि परत परत होतो. कामाच्या ठिकाणच्या छळावर संशोधन करणारे हाइन्झ लेमन यांचा छळ ओळखायचा निकष आठवड्यातून किमान एकदा, सहा महिने असा होता. तो संशोधनासाठी. तक्रारीला सहा महिने थांबायचं कारण नाही.

साक्षीदार२: नोंद त्याच दिवशी करा: तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, हजर कोण, कामावर झालेला परिणाम. ‘नेहमी अपमान करतो’ असं लिहिलं की चौकशीत ते टिकत नाही. ‘रिपोर्टचा मेल मला वगळून गेला, दुरुस्तीत दोन दिवस गेले’ हे टिकतं.

मॅनेजरने आजारपणाच्या रजा, बदलीचे अर्ज आणि परत करावं लागलेलं काम त्या सीनियरच्या हाताखालचं वेगळं काढून बघावं. सरासरीत ते लपतं. पाच-सहा जणांत ‘निनावी’ सर्व्हे घेऊ नका, अक्षरावरून नाही तरी भाषेवरून माणूस कळतोच.

मधली_फळी: एक राहिलं. दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणू नका. एकाच्या हातात दुसऱ्याचं अप्रेझल असेल तर दुसरा मोकळं बोलणारच नाही. आधी अप्रेझल तिसऱ्याकडे द्या, मग दोघांशी वेगवेगळं बोला. आणि हलवायचंच झालं तर त्रास देणाऱ्याला हलवा. तक्रारदाराला हलवलं की उरलेली टीम त्यातून काय घ्यायचं ते बरोबर घेते.