बेरीज कमी येतेय ती एसक्यूएलच्या युनियनमुळे

नागपूरच्या कळमना आणि कॉटन मार्केट या बाजारांच्या दोन टेबलांतली संत्र्याची विक्री युनियनने (दोन क्वेरींच्या ओळी एकाखाली एक जोडणारी एसक्यूएलची आज्ञा) जोडली की एकूण रक्कम कमी भरते, असा तुमचा प्रश्न आहे. डेटा हरवलेला नाही. युनियन सारख्या ओळींतली एकच ठेवतो, आणि त्या एकाच टेबलातल्या असल्या तरी! एकाच अडत्याने एकाच दिवशी त्याच दराने २०-२० क्रेटच्या दोन पावत्या फाडल्या आणि सिलेक्टमध्ये, म्हणजे कोणते कॉलम आणायचे त्या यादीत, पावती क्रमांक घेतला नसेल, तर २० क्रेट गेलेच समजा. नुसता 'बाजार' कॉलम जोडूनही हे थांबत नाही.

इथे सारख्या ओळीही तशाच ठेवणारं युनियन ऑलच हवं. ओळी ताडून बघण्याचं काम वाचतं, म्हणून ते सहसा वेगवानही असतं.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. कॉलम नावाने जुळत नाहीत, क्रमाने जुळतात. पहिल्या सिलेक्टमध्ये वजन, दर आणि दुसऱ्यात दर, वजन असेल तर दोन्ही आकडेच, त्यामुळे एररही येणार नाही आणि दर वजनाच्या रकान्यात जाऊन बसेल. म्हणून सगळे कॉलम एकदम आणणारं सिलेक्ट स्टार नकोच, कॉलम नावानिशी लिहा. एखादा कॉलम एका टेबलात नसेल तर त्या जागी नल (रिकामी किंमत) द्या.

ओळींचा क्रम लावणारं ऑर्डर बाय सगळ्यात शेवटी, एकदाच. बाजारवार बेरजेसाठी अख्खं युनियन ऑल कंसात टाकून बाहेरून ग्रुप बाय करा, म्हणजे ओळींचे बाजारवार गट पडतील. मायएसक्यूएलमध्ये त्या कंसाला उपनाव द्यावंच लागतं.