पोर्ता पिया : शत्रूकडे पाठ केलेली वेस?

चुनखडी
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं : "रोमची पोर्ता पिया म्हणजे फसलेली वेस. सगळा थाट आतून, शत्रूकडे पाठ. म्हातारपणी मायकेलअँजेलो बहकला." वाचून चहा गार झाला माझा. अहो, ती शत्रूसाठी बांधलीच नव्हती! पोप चौथ्या पायसनं क्विरिनाल टेकडीवरून सरळसोट रस्ता काढला, त्याच्या टोकाला नजर ठरेल असं काहीतरी हवं होतं. १५६१ साली काम दिलं तेव्हा मायकेलअँजेलो ८६ वर्षांचा. नाटकाचा पडदा आहे हो तो. प्रेक्षकांकडे पाठ करून टांगायचा का?

वेशीबाहेरचा
'कुणीतरी' मीच. नाव घ्यायला जीभ जड झाली? बाहेरचं दर्शनी काम १८६९ मध्ये व्हेस्पिन्यानी या वास्तुविशारदानं केलं. तीनशे वर्षं पाहुण्यानं काय बघायचं? आणि पुढच्याच वर्षी, २० सप्टेंबरला, इटलीचं सैन्य पोपच्या ताब्यातल्या रोममध्ये घुसलं. झालं संरक्षण!

चुनखडी
भगदाड वेशीला नाही, शेजारच्या तटाला पडलं. तो तट रोमन सम्राट ऑरेलियनचा, तिसऱ्या शतकातला. त्याचं खापर मायकेलअँजेलोवर?

फिरस्ती
भांडा तुम्ही. मला आवडल्या त्या वरच्या गोल तबकड्या, झालरीचा पट्टा सोडलेल्या. आमचा गाइड म्हणाला, हे न्हाव्याचं भांडं आणि टॉवेल! पायसच्या घराण्यात न्हावी होते म्हणे, म्हणून मायकेलअँजेलोनं पोपची लायकी काढली. बस हसून लोटपोट.

धोपटी
हसण्यासारखं काय त्यात? आजोबांचं साताऱ्यात दुकान होतं. पहाटे वस्तरा पट्ट्यावर घासल्याचा आवाज अजून कानात आहे. त्याच हातांनी तिघांना शिकवलं. न्हावी म्हटलं की लायकी निघते, हे रोममध्येही चालतं वाटतं.

फिरस्ती
गाइडचं सांगितलं हो, माझं नाही!

धोपटी
हसलात तुम्हीच ना?

चुनखडी
धोपटी, बरोबर आहे तुमचं. शिवाय दंतकथाच ती. पैसे मोजणाऱ्या पोपच्या नाकासमोर कोण असली टवाळी कोरेल? थाळी आणि धर्मगुरूचं उपरणं असंही काही जण म्हणतात.

वेशीबाहेरचा
म्हणजे गाइड खोटा, पोप भोळा, मी अडाणी. ठीक. दारावर एकात एक अडकवलेली त्रिकोणी आणि कमानदार शिरं मात्र मानली. पाठ ती पाठच.

धोपटी
आजोबा म्हणायचे, गिऱ्हाइकाला मागचा आरसा दाखवल्याशिवाय उठवायचं नाही. या एका मुद्द्यावर मी वेशीबाहेरच्यांच्या बाजूनं.