व्हिममध्ये पायथनचा इंडेंट: कुठे दोन टॅब, कुठे काहीच नाही

शून्यापासून:

लिनक्स, टर्मिनलमध्ये व्हिम हा टेक्स्ट एडिटर, आवृत्ती ९.१. पायथन लिहिताना इंडेंटचा (ओळीआधी सोडलेल्या जागेचा) काही त्रास नव्हता, पण जावास्क्रिप्टच्या फाईलमध्ये एंटर मारलं की आठ कॉलमचा इंडेंट यायचा. तो कमी करायला होम फोल्डरमध्ये पहिल्यांदाच व्हिमआरसी (व्हिमच्या सेटिंगची फाईल) बनवली. तिच्यात दोनच ओळी आहेत:

सेट टॅबस्टॉप=४
सेट स्मार्टइंडेंट

तेव्हापासून पायथनही बिघडलं. डेफच्या ओळीनंतर एंटर मारलं तर कर्सर आत जातच नाही. इफच्या ओळीनंतर मारलं तर एकदम दोन टॅब आत जातो. टॅबची कळ दाबली की चार कॉलम, पण ओळी निवडून > दाबलं की आठ. ओळीच्या सुरुवातीला # टाइप केलं की ते थेट डाव्या कडेला जाऊन बसतं. दुसऱ्या फाईलमधलं एक फंक्शन आणून पेस्ट केलं तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी आत, जिन्यासारखी. ते हाताने सरळ केलं, तर फाईल चालवताना टॅबएरर येतो. शिवाय कोडचे रंगही गेले, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

हवं ते एवढंच: पायथनला ४ स्पेस, जावास्क्रिप्टला २ स्पेस, दोन्हीकडे टॅब नको.

अर्धविराम:

रंग गेले हे सांगितलंत ते बरं झालं, त्यातच खरं कारण आहे. तुमची स्वतःची व्हिमआरसी नसते तेव्हा व्हिम डिफॉल्ट्स.व्हिम नावाची फाईल आपणहून वाचतं. ही सोय आवृत्ती ८ पासून आहे. त्या फाईलमध्ये सिंटॅक्सचे रंग आणि भाषेनुसार इंडेंट, दोन्ही चालू केलेले असतात. व्हिमआरसी बनवली, मग ती रिकामी का असेना, की ती फाईल वाचली जात नाही. म्हणजे तुमच्या दोन ओळींनी भर घातली त्यापेक्षा जास्त काढून घेतलं.

आधी फाईल अशी करा (नावं इथे देवनागरीत आहेत, तुम्ही ती रोमन छोट्या अक्षरांत, शब्दाच्या मध्ये जागा न सोडता टाइप करा):

फाईलटाइप प्लगइन इंडेंट ऑन
सिंटॅक्स ऑन
सेट ऑटोइंडेंट
सेट एक्सपांडटॅब
सेट टॅबस्टॉप=४
सेट शिफ्टविड्थ=४
सेट सॉफ्टटॅबस्टॉप=४

स्मार्टइंडेंटची ओळ काढून टाका. ती का, ते खाली.

टॅबस्टॉप, शिफ्टविड्थ वगैरे नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो, पण कामं अगदी वेगळी आहेत. टॅबस्टॉप म्हणजे फाईलमध्ये आधीच असलेलं टॅबचं अक्षर पडद्यावर किती कॉलम रुंद दिसावं. शिफ्टविड्थ म्हणजे इंडेंटची एक पायरी किती कॉलमची: > दाबल्यावर आणि एंटरनंतर आपोआप जी सरकते ती. सॉफ्टटॅबस्टॉप म्हणजे टॅबची कळ किंवा बॅकस्पेस दाबल्यावर कर्सर किती सरकावा. आणि एक्सपांडटॅब म्हणजे जे सरकायचं ते टॅबने न सरकता स्पेसने सरकावं. टॅबस्टॉप आणि शिफ्टविड्थ दोघांचं मूळ मूल्य ८ आहे. तुम्ही पहिलं ४ केलंत, दुसरं ८ च राहिलं. म्हणून > ने आठ कॉलम सरकतात, आणि चार कॉलमचा टॅब धरून ते आठ कॉलम भरायला व्हिम दोन टॅब टाकतं.

डेफनंतर काही नाही आणि इफनंतर इंडेंट, हे स्मार्टइंडेंटचं काम. ते सी भाषा डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे. महिरपी कंस उघडला की आत जायचं, आणि ओळ ठरावीक शब्दांनी सुरू झाली तरी आत जायचं. ते शब्द सिनवर्ड्‌स या सेटिंगमध्ये असतात: इफ, एल्स, व्हाइल, डू, फॉर, स्विच. डेफ, क्लास, ट्राय, विथ त्यात नाहीत. यादीत पायथनचे शब्द घालून ते चालवता येतं, तसे सल्ले जुन्या पानांवर सापडतीलही, पण तो मार्ग धरू नका. पायथनसाठी व्हिमसोबत स्वतंत्र इंडेंट स्क्रिप्ट येते आणि फाईलटाइपच्या ओळीने ती चालू होते.

तिरपी_रेघ:

# बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण स्मार्टइंडेंट राहू दिलं तर हा दोष अर्धाच जातो आणि उरलेला अर्धा लवकर लक्षात येत नाही.

सी भाषेत # ने प्रीप्रोसेसरची (कंपाईल होण्याआधीच्या सूचनेची) ओळ सुरू होते आणि ती पहिल्या कॉलमवर ठेवायची जुनी पद्धत आहे. स्मार्टइंडेंट तेच गृहीत धरतं. फाईलटाइप इंडेंट चालू केलं की इंडेंटएक्सप्र नावाचं सेटिंग भरलं जातं आणि टाइप करताना स्मार्टइंडेंटकडे दुर्लक्ष होतं. त्यामुळे # आता जागेवर राहतं आणि वाटतं, सुटलो. पण ओळी निवडून > दाबलं की # ने सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे पायथनच्या कॉमेंट, तिथल्या तिथेच राहतात आणि बाकीचा कोड सरकतो. दोनशे ओळींचा ब्लॉक एक पायरी आत घेतला, तर त्यातल्या कॉमेंट मागे पडलेल्या असतात. म्हणून सेटिंग नुसतं निष्प्रभ असणं पुरत नाही, ते बंदच हवं.

आता जावास्क्रिप्टचे २ स्पेस. होम फोल्डरमध्ये .व्हिम या फोल्डरच्या आत आफ्टर, त्याच्या आत एफटीप्लगइन असे फोल्डर करा आणि तिथे जावास्क्रिप्ट.व्हिम ही फाईल ठेवा. तिच्यात एकच ओळ:

सेटलोकल एक्सपांडटॅब शिफ्टविड्थ=२ सॉफ्टटॅबस्टॉप=२ टॅबस्टॉप=२

इथे सेट नव्हे, सेटलोकलच लिहा. सेट लिहिलंत तर ते मूल्य सगळीकडे लागतं आणि त्यानंतर त्याच सत्रात उघडलेल्या दुसऱ्या फाईलींना २ चिकटतात. एखादी फाईल आज नीट आणि उद्या बिघडलेली दिसते तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं: आज ती आधी उघडली, उद्या नंतर.

आफ्टर फोल्डर का, तर व्हिमसोबत आलेल्या फाईली आधी वाचल्या जातात आणि आफ्टरमधल्या शेवटी, त्यामुळे तुमचा शब्द अखेरचा. पायथनच्या बाबतीत तर व्हिमसोबत आलेली फाईल स्वतःच ४, ४, ४ आणि एक्सपांडटॅब लावते. पायथनच्या पेप ८ या शैलीच्या नियमावलीत सांगितलेली शैलीच ती. उद्या कुणी तुम्हाला पायथनसाठी वेगळी रुंदी मागितली आणि व्हिमआरसीत बदलूनही फरक पडला नाही, तर कारण हे.

महिरप:

कुठलंही सेटिंग बदलण्याआधी ते कुणी लावलंय ते व्हिमलाच विचारा. नॉर्मल मोडमध्ये (टाइप करण्याच्या इन्सर्ट मोडमधून बाहेर येऊन):

:व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?

मूल्य दिसतं आणि खाली ते शेवटचं कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीने लावलं तेही दिसतं. खालची ओळ आलीच नाही, तर ते मूळ मूल्य आहे, कुणी हात लावलेला नाही. इंडेंटच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात, आणि तरी लोक व्हिमआरसीत ओळीवर ओळ रचत जातात.

टॅबएररचं निराळं आहे. सेटिंग दुरुस्त केल्याने फाईलमधले जुने टॅब जात नाहीत, एक्सपांडटॅब फक्त यापुढच्या टायपिंगला लागू होतं. तुमच्या फाईलमध्ये काही ओळी टॅबच्या आहेत, पेस्ट केलेल्या स्पेसच्या. पडद्यावर दोन्ही एका रेषेत दिसतात कारण टॅबस्टॉप ४ आहे. पायथन ३ मात्र टॅबच्या रुंदीवर अर्थ अवलंबून राहील असं मिश्रण स्वीकारत नाही. डोळ्यांनी बघायचं तर:

:सेट लिस्ट लिस्टचार्स=टॅब:>-

आता प्रत्येक टॅब >--- असा दिसेल आणि स्पेस रिकाम्याच राहतील. मग :रीटॅब चालवा, टॅबच्या जागी स्पेस येतील. दोन गोष्टी सांभाळा. रीटॅब त्या क्षणीचा टॅबस्टॉप धरून मोजतं, तेव्हा फाईल ज्या रुंदीने लिहिली गेली तीच रुंदी आधी लावलेली हवी. तुमची ४ ने लिहिलेली आहे. दुसऱ्याची फाईल ८ ने लिहिलेली असेल आणि तुम्ही ४ ने रीटॅब केलंत, तर स्पेसच्या ओळी आणि टॅबच्या ओळी वेगवेगळ्या पायऱ्यांवर जातील. दुसरं, नुसतं रीटॅब ओळीच्या सुरुवातीपुरतं थांबत नाही, अवतरणातल्या स्ट्रिंगमधले खरे टॅबही बदलतं. टॅबने वेगळी केलेली माहिती स्ट्रिंगमध्ये असेल तर ती मोडेल.

इफखालच्या ज्या ओळी दोन टॅब आत गेल्या, त्या रीटॅबनंतर एका पायरीऐवजी दोन पायऱ्या आत राहतील. पायथनला त्याचं वावडं नाही, वाचणाऱ्याला आहे. मोठ्या व्हीने ओळी निवडा आणि < एकदा दाबा. इथे सगळी फाईल एकदम इंडेंट करणारी कमांड, म्हणजे दोनदा छोटा जी, बरोबरचं चिन्ह आणि मोठा जी, वापरू नका. जावास्क्रिप्टमध्ये ती उत्तम चालते कारण ब्लॉक कुठे संपतो ते कंस सांगतो. पायथनमध्ये ब्लॉकचा शेवट इंडेंटच सांगतो, तोच चुकलेला असेल तर एडिटरने कशावरून ओळखायचं?

झाल्यावर दोन तपासण्या. टर्मिनलमध्ये पायथन -एम टॅबनॅनी आणि फाईलचं नाव: मिश्रण उरलं असेल तर ओळीचा क्रमांक मिळतो. आणि एखादी चालू असलेली फाईल नुसती नीट करत असाल, तर पायथन -एम एएसटी (हे कोडची रचना छापतं) आणि फाईलचं नाव हे आधी एकदा, नंतर एकदा चालवून दोन्ही आउटपुटची डिफ, म्हणजे फरकांची यादी, घ्या. पायथन ३.९ पासून हे चालतं. डिफ रिकामी आली म्हणजे फक्त जागा बदलली, अर्थ नाही.

शून्यापासून:

फाईलटाइप आणि सिंटॅक्सच्या ओळी घातल्याबरोबर रंग आणि इंडेंट दोन्ही परत आले. रीटॅबही केलं, टॅबएरर गेला. व्हर्बोजने शिफ्टविड्थ=४ दाखवलं आणि खाली व्हिमच्याच एफटीप्लगइनमधली पायथन.व्हिम ही फाईल. दोन गोष्टी उरल्या. पेस्ट केल्यावर अजून जिना होतो, मी टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत व्हिम चालवतो. आणि फंक्शन बोलावताना गोल कंस उघडून एंटर मारलं की पुढची ओळ ४ ऐवजी ८ स्पेस आत जाते.

तिरपी_रेघ:

जिन्याचं कारण सोपं आहे. टर्मिनलमधून पेस्ट केलेलं व्हिमला टाइप केल्यासारखंच दिसतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ऑटोइंडेंट आपला इंडेंट घालतं आणि त्यावर पेस्ट केलेल्या ओळीतल्या तिच्या स्वतःच्या स्पेस पडतात. व्हिम ८ पासून ब्रॅकेटेड पेस्ट आहे. त्यात टर्मिनल पेस्टच्या आधी आणि नंतर खुणेचं अक्षरचिन्ह पाठवतं आणि तेवढ्यापुरता इंडेंट थांबतो. पण टर्मिनलचं नाव एक्सटर्मसारखं असेल तरच व्हिम ते स्वतःहून चालू करतं. टीमक्सच्या आत नाव बहुधा स्क्रीन किंवा टीमक्सने सुरू होणारं असतं, म्हणून चालू होत नाही. :हेल्प एक्सटर्म-ब्रॅकेटेड-पेस्ट उघडा, स्क्रीनसाठी व्हिमआरसीत घालायच्या ओळी तिथे तयार आहेत, त्या उचला; तुमच्याकडे नाव टीमक्सने सुरू होत असेल तर त्यांतल्या स्क्रीनच्या जागी टीमक्स लिहा.

तोवर :सेट पेस्ट करा, पेस्ट करा, आणि लगेच :सेट नोपेस्ट. हे लगेच विसरू नका. पेस्ट चालू असताना ऑटोइंडेंट बंद असतं, एक्सपांडटॅब बंद असतं, इन्सर्ट मोडचे तुमचे शॉर्टकटही बंद. खाली इन्सर्टच्या शेजारी कंसात पेस्ट लिहिलेलं दिसतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग इंडेंट अचानक बंद पडला असं वाटतं आणि फाईलमध्ये पुन्हा टॅब शिरतात.

अर्धविराम:

कंसानंतरचे ८ ही चूक नाही. पायथनच्या इंडेंट स्क्रिप्टमध्ये उघड्या कंसानंतर शिफ्टविड्थची दुप्पट असं ठरवलेलं आहे, म्हणजे डेफच्या लांबलेल्या आर्ग्युमेंट आणि खालचा कोड एकाच रेषेत येऊन मिसळत नाहीत. एकपट हवी असेल तर व्हिमआरसीत:

लेट जी:पायथन_इंडेंट = {}
लेट जी:पायथन_इंडेंट.ओपन_पॅरेन = 'शिफ्टविड्थ()'

जुन्या आवृत्त्यांत जी:पायइंडेंट_ओपन_पॅरेन असं वेगळं नाव होतं, नेटवर तेच जास्त दिसेल. तुमच्या ९.१ ला वर लिहिलेलं वापरा.

महिरप:

प्रोजेक्टवर आणखी कुणी काम करत असेल तर एवढं सगळं फक्त तुमच्या मशीनपुरतं आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी .एडिटरकॉन्फिग ही फाईल ठेवा, निरनिराळे एडिटर तिच्यातून इंडेंटचे नियम वाचतात. पहिली ओळ रूट = ट्रू, नाहीतर एडिटर वरच्या फोल्डरांत शोधत जातो. मग [*.पीवाय] खाली इंडेंट_स्टाइल = स्पेस, इंडेंट_साइज = ४. [*.जेएस] खाली तेच, पण २. मेकफाईल (मेक या प्रोग्रॅमच्या सूचनांची फाईल) असेल तर तिच्यासाठी इंडेंट_स्टाइल = टॅब न चुकता लिहा, कारण तिथे कमांडच्या ओळीआधी खरा टॅबच लागतो. स्पेस असल्या तर मेक मिसिंग सेपरेटर म्हणून थांबतं.

तुमच्या व्हिम ९.१ सोबत ही फाईल वाचणारं प्लगइन येतं, :पॅकअॅड! एडिटरकॉन्फिग एवढं व्हिमआरसीत घाला. निओव्हिममध्ये ०.९ पासून ते आपोआप चालू असतं. व्हीएस कोड या एडिटरला एक्स्टेंशन लागतं. तिथे आणखी एक खोडा आहे: डिटेक्टइंडेंटेशन हे सेटिंग मुळातच चालू असतं आणि फाईल उघडताना आतला मजकूर बघून टॅबसाइज स्वतः ठरवतं. मिश्र फाईल असेल तर त्याचा अंदाज चुकतो आणि माणूस टॅबसाइज बदलत बसतो. खालच्या पट्टीत उजवीकडे स्पेस किंवा टॅब आणि त्याचा आकडा लिहिलेला असतो, त्यावर क्लिक करून त्या फाईलपुरतं बदलता येतं.

रीटॅब केलेली फाईल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकताना तो बदल एकट्याचा कमिट करा, म्हणजे वेगळा नोंदवा, त्यात एकही खरी दुरुस्ती मिसळू नका. त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळखीचा आकडा) .गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या फाईलमध्ये लिहा आणि गिट कॉन्फिगमध्ये ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाईल तिच्याकडे वळवा. गिट २.२३ पासून ही सोय आहे. मग ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सगळ्या ओळी तुमच्या नावावर दिसत नाहीत. आणि पायथनचा बदल तपासताना गिट डिफला -डब्ल्यू लावून स्पेस लपवू नका. एखादी रिटर्नची ओळ लूपच्या बाहेरून आत गेली, तर तिथे स्पेसशिवाय दुसरं काही बदललेलंच नसतं.