सोनं मूलद्रव्य आहे, तर मशीनने चार धातू कसे दाखवले?

बोरीकाठची (अमळनेर)

सासूबाईंची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, मोडायला परवा जळगावच्या सराफ बाजारात गेलो होतो. त्यांच्या वडिलांनी कपाशीच्या पैशांतून लग्नात घातलेली. मणी झिजून पत्रा फाटायला लागला होता. दोरा काढून वजन केलं, २१ ग्रॅम. आमच्यासमोर मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) आटवली तर लगड निघाली १८ ग्रॅमची. ती धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या मशीनखाली ठेवून त्यांनी कागद हातात दिला: सोनं ८३.२ टक्के, तांबं १०.६, चांदी ५.९, जस्त ०.३. दुकानदार म्हणाले, चोख सोनं १५ ग्रॅम धरू.

सासूबाई दुकानात एक शब्द बोलल्या नाहीत. परतताना एसटीने धरणगाव सोडलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "मना बापनं सोनं खोटं शे का?" मला गलबलून आलं. लगड विकली नाही, घरी घेऊन आलो.

मुलगा नववीत आहे. त्याने तो कागद पाहिला आणि म्हणाला, पुस्तकात सोनं मूलद्रव्य दिलंय, म्हणजे एकाच जातीचे अणू. मग हे चार कुठून आले? हे संयुग आहे का? मला आजीलाही नीट सांगता आलं नाही आणि नातवालाही. कुणी समजावून सांगाल का?

मूस-फुंकणी (जळगाव)

ताई, पहिलं काम करा. सासूबाईंना सांगा, सोनं खोटं नाही. ८३.२ म्हणजे जवळजवळ २० कॅरेट. २४ भागांत २० भाग सोनं. जुन्या डागांमध्ये, म्हणजे दागिन्यांमध्ये, हा टंच (सोन्याची शुद्धता) सर्रास येतो. मण्यामण्याला सांधा असतो, आणि सांध्याचं सोनं लवकर वितळावं म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त, जस्तही थोडं घालतात. सगळं एकत्र आटवलं की टंच उतरणारच.

आणि २१ चे १८ झाले त्यातलं सोनं कुठेही गेलेलं नाही. जुनी एकदाणी पोकळ मण्यांची. मणी दबू नये म्हणून आत लाख भरलेली असते. मुशीतून आधी धूर निघाला असेल, जळकट वास आला असेल बघा. ती लाख आणि इतक्या वर्षांचा मळ.

आता तांबं का घालतात. हातोडी-चिमटा धरून मला २८ वर्षं झाली. चोख सोन्याची बारीक तार हातात घेतली तर ती नखाने वाकते. त्याची कडी केली तर गळ्यातल्या गळ्यात उघडेल. म्हणून १० ग्रॅम चोख सोन्यात साधारण ०.९१ ग्रॅम तांबं-चांदी घालतो, ते २२ कॅरेट होतं. तांबं जास्त पडलं की डाग लालसर दिसतो, चांदी जास्त पडली की फिकट हिरवट पिवळा. मुशीत टाकणखार (बोरॅक्स) टाकला की मळ वर येतो आणि खाली रस आरशासारखा होतो. तिथे डोळ्याला तांबं वेगळं, सोनं वेगळं दिसत नाही. तरी सोनं सोनंच असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गाळणीत, म्हणजे जुनं सोनं शुद्ध करताना, ते वेगळं काढतात. जुन्या सोन्यात तिप्पट चांदी घालून आटवतात, त्याचा पातळ पत्रा करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. तांबं आणि चांदी विरघळून जातात. तळाला तपकिरी भुकटी उरते, वीटकरीच्या चुऱ्यासारखी. नवखा माणूस ती फेकून देईल. ती धुऊन मुशीत घातली की पुन्हा तोच पिवळा रस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. उस्तादांनी भुकटी माझ्या तळहातावर ठेवून सांगितलं होतं, मूठ घट्ट धर.

नवीन डाग घ्याल तेव्हा त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आणि सांध्याला कॅडमियम वापरणाऱ्याकडे काम देऊ नका. त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो.

पांझराकाठ (धुळे)

निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. वरच्या भाऊंनी भुकटीचं सांगितलं, त्यातच मुलाचं उत्तर आहे.

सोनं मूलद्रव्य. अणुक्रमांक ७९, म्हणजे प्रत्येक अणूच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन. ८० झाले तर तो पारा. मूस असो की ॲसिड, त्या केंद्रकाला हात लागत नाही. म्हणून वेगळं काढता येतं आणि म्हणूनच कुठल्याही रासायनिक क्रियेने नवं सोनं तयार करता येत नाही.

एकदाणी मात्र संमिश्र, म्हणजे धातू एकत्र वितळवून केलेलं मिश्रण, संयुग नाही. सोन्याच्या रचनेत मध्येमध्ये तांब्याचे अणू जाऊन बसतात. ते आकाराने लहान, त्यामुळे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत आणि डाग कडक होतो. प्रमाण सोनाराने ठरवायचं: २२, २०, १८. संयुगात ही मोकळीक नाही. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं वजनी प्रमाण १:८ च राहणार, पाणी तापीचं असो की विहिरीचं.

संयुग दाखवायचं असेल तर मुलाला कल्हई गेलेलं तांब्याचं भांडं दाखवा. त्यावर येणारा हिरवा कळंक हे संयुग. तांब्याचा रंग नाही, चमक नाही. सोनं कळकत नाही, म्हणून नाल्याच्या वाळूतही ते धातू म्हणूनच सापडतं, आणि तिथेही त्यात थोडी चांदी असतेच. सोन्याचीही संयुगं होतात. अम्लराजात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लात ते विरघळतं आणि पिवळं द्रावण होतं. त्यातूनही ते परत मिळवता येतं.

बोरीकाठची (अमळनेर)

दादा, सर, तुमचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही उत्तरं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. लाखेचं ऐकून त्या म्हणाल्या, हो, वास आला होता, मला वाटलं दुकानात काही जळतंय. मग लगड फडक्यातून काढून मांडीवर घेतली. मुलगा शेजारी बसून हिशेब करत होता: १८ गुणिले ८३.२ भागिले १००, १४.९८. "आजी, तुझ्या वडिलांचं सोनं पंधरा ग्रॅम होतं, पंधरा ग्रॅमच आहे." त्यांनी दोनदा त्याच्याकडून तो आकडा म्हणून घेतला.

दादा, एकच विचारते. याच लगडीची पुन्हा एकदाणी करून मिळेल का? त्यांना दुसरं सोनं नको आहे.

मूस-फुंकणी (जळगाव)

मिळेल ताई. २० कॅरेटवरच करायला सांगा, टंच पूर्ण ८३.३ भरला तर त्यालाही ८३३ चा हॉलमार्क मिळतो. लाख नको असेल तर पत्रा जाड घ्यावा लागेल, मणी थोडे कमी बसतील. आणि आटवायला देताना सासूबाईंना सोबत न्या, मुशीसमोर बसू द्या.