मदत हवी आहे: ‘सेग्रिगेशन’ला, म्हणजे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवण्याच्या पद्धतीला, मराठीत काय म्हणावं?

आठवीच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या बस बहिष्काराची गोष्ट लिहितेय. डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तिथले कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढलेच नाहीत. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स मुलांना ठाऊक आहेत. मला मात्र जॉर्जिया गिलमोर फार जवळच्या वाटतात. घरी चिकन तळून, केक भाजून विकायच्या आणि पैसे बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या चळवळीच्या गाड्यांसाठी द्यायच्या.

अडलंय ते शब्दापाशी. त्या बसमध्ये कृष्णवर्णीयांनी पुढच्या दारात भाडं द्यायचं, खाली उतरायचं, मग पुष्कळदा मागच्या दाराने चढायचं! नुसतं ‘वर्णभेद’ म्हटलं की हा अपमान दिसत नाही. ‘विलगीकरण’ म्हटलं की मुलांना करोना आठवतो. ‘वेगळी पंगत’ सुचलंय, पण त्याने जातिभेदाशी गल्लत होईल का? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय म्हणता?