शिशाचा साचा गार करायला पाणी वापरावं का?

खाडीकर
पागाच्या, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याच्या, घेराला लावायचे शिशाचे मणी आमच्याकडे अजून घरीच ओततात. सात-आठ ओत झाले की साचा तापतो, शिसं लवकर गोठत नाही, मग साचा बादलीत बुचकळून लगेच पुढचा ओत. मी म्हणतो, ओतकामाजवळ बादली नकोच. शिसं वितळतं ३२७ अंशांना, पाणी उकळतं १०० ला. पातळ शिशाखाली थेंब अडकला की त्याची साधारण १६०० पट वाफ होते आणि शिसं थेट तोंडावर उडतं. साच्याच्या बिजागरीत राहिलेला थेंब कुणाला दिसतो?

दर्यावर्दी
बुचकळणं चूकच, पण पाण्याला सरसकट नाही म्हणू नका. आमच्याकडे शिसं गोठल्यावर साचा न उघडता त्याचा फक्त तळ ओल्या गोणपाटावर टेकवतात. आत पाणी जातच नाही. चुर्र आवाज थांबला की उचलायचा. नुसतं थांबत बसलं तर एका पागाचे मणी व्हायला दिवस जाईल.

खाडीकर
साचा तापलेला असेल तोवर ओल उडून जाते, खरं आहे. मध्ये कुणी हाक मारली, साचा निवला, की तीच ओल फटीत बसते. त्यापेक्षा दोन साचे घ्या. एकात ओता, दुसरा ॲल्युमिनियमच्या जाड पाटावर निवू द्या.

दर्यावर्दी
आणि तो जास्त निवला तर? गार साच्यात मणी सुरकुततो, कडा भरत नाहीत. पुन्हा वितळवा, पुन्हा ओता. साचा गरमच हवा, फक्त वरची धग उतरवायची. ते गोणपाटाने हातात राहतं.

प्रयोगशाळा
रसायनशास्त्र शिकवते. गोणपाटाला माझी हरकत नाही, पण ते कढईपासून चार पावलं लांब, कढईच्या पातळीखाली हवं. पुढच्या ओताआधी साचा आचेच्या कडेला धरून कोरडा करा. कुणी पंखा सुचवेल, तर तो अजिबात नको. कढईवर साचणारी करडी-पिवळट मळी म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची भुकटी, पंख्याने ती घरभर होते. लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त भिनतं, आणि अमुक इतकं चालतं अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून स्वयंपाकघरात ओतू नका, ती कढई-पळी परत जेवणाला नको. हात साबणाने धुवा, कामाचे कपडे वेगळे.

नवशिक्या
तयार मणी मिळतात की बाजारात. एवढा खटाटोप कशाला?

दर्यावर्दी
जुना पाग फाटला तरी शिसं तसंच राहतं. तेच वितळवून नव्याला लावायचं, विकत कशाला घ्यायचं?

खाडीकर
चार पावलांचं अंतर आणि साचा शेकून घेणं मान्य. पण दर्यावर्दी, घाईत हातातलं ओलं गोणपाट कढईवरून कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून माझ्या पडवीत ते येणार नाही. आणि पत्र्याला गळती असेल तर पावसाळ्यात ओतूच नका, वरून एक थेंब कढईत पडला तरी पुरे.