कामावर जायची सायकल: शॉकअप काढा, टायर जाड घाला

पायडलमारे (धागाकर्ता)

कामावर जायला सायकल सुचवा म्हणणारे हल्ली वाढलेत. गाऱ्हाणं ठरलेलं: रस्ता थोडा बरा, थोडा खराब, पोचायचं लवकर आणि पाठ मोडता कामा नये. दुकानातलं उत्तरही ठरलेलं, पुढं शॉकअपवाली घ्या. माझं मत बरोबर उलटं आहे.

माझा रस्ता कोल्हापुरातला, राजारामपुरीतून सायबर चौक, विद्यापीठ, उजळाईवाडी आणि मग सर्व्हिस रोडनं गोकुळ शिरगाव एमआयडीसी. बहुतेक डांबरच. अधेमधे पेव्हिंग ब्लॉक, पाइपलाइनीसाठी खणून कसेबसे बुजवलेले चर, नको तितके स्पीडब्रेकर आणि शेवटी कारखान्याच्या गेटापुढची खडी. अशा रस्त्याला सरळ फोर्कची (पुढचं चाक धरणारा चिमटा, शॉकअप नसलेला) हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि डोंगरी सायकलीच्या मधली, आणि ३८ ते ४२ मिमी टायर, बास.

स्वस्त सायकलीचा शॉकअप म्हणजे आत नुसती स्प्रिंग. दीड-दोन किलो वजन वाढतं, चढाला उभं राहून पायडल मारलं की पुढचा भाग खालीवर डुलतो, आणि तुमचा जोर त्यातच जातो. बारीक खडीच्या थरथरीला तर तो हलतही नाही. ती थरथर शोषते ती टायरातली हवा.

जाड टायर हळू चालतो हा समजही काढून टाका. हवेचा दाब तोच ठेवला तर जाड टायर रस्त्यावर आडवा टेकतो, त्याचा लांबट चपटा भाग कमी होतो आणि रबर कमी मुडपतं. पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत १८९६ पासून चालू आहे. तिथले रेसवालेसुद्धा आता ३० मिमी आणि त्याहून जाड टायर लावतात. आपण तर डबा घेऊन कामावर चाललोय.

डोंगरवाट

भावा, तुझा रस्ता लाडका आहे म्हणून हे सुचतंय. कसबा बावड्यातून शियेकडं पावसाळ्यात येऊन दाखव. खड्ड्यात पाणी भरलेलं असतं, तो चार बोटं की वीतभर हे चाक आत गेल्यावरच कळतं. तिथं मनगट वाचवतो तो शॉकअपच. वरून ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांतनं पडलेली कांडी रस्ताभर.

माझी २९ इंची चाकांची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल आहे. गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत २ इंची घातलेत, डांबरावर शॉकअप लॉक करतो. हायब्रिडवाले पुढं जातात, पण फार नाही.

पायडलमारे

२९ इंची आणि हायब्रिडचं ७००सी (चाकाच्या मापाचं नाव), दोन्हींची रिम ६२२ मिमीचीच. म्हणजे गुळगुळीत टायर घालून आणि शॉकअप लॉक करून तुम्ही माझीच सायकल चालवताय, फक्त तीन किलो जास्त घेऊन. पण बावडा-शियेच्या पावसाळी रस्त्याबद्दल वाद घालत नाही. पंचगंगा वाढली की तो रस्ताच पाण्याखाली जातो, तेव्हा ना तुमची चालेल ना माझी.

वाऱ्याविरुद्ध

दोघंही टायरावर भांडताय आणि वाऱ्याला विसरताय. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. ताशी २० च्या पुढं सरळ हँडलवर छाती काढून बसणारा माणूस बहुतेक जोर वाऱ्यालाच देतो. हायवेच्या बाजूनं कागलपर्यंत जाणाऱ्यानं वाकड्या हँडलचीच घ्यावी. हात ठेवायला तीन जागा मिळतात, तळवे बधिर होत नाहीत. ३२ मिमी टायर बसतो अशा रोडबाईक मिळतात, त्यांना खडीचं वावडं नाही.

पायडलमारे

कागलसाठी मान्य. शहरात नाही. सायबर चौकात लाल लागला की वाकलेला आणि ताठ बसलेला दोघं शेजारी शेजारीच उभे असतात. शिवाय ताठ बसलं की रिक्षाच्या टपावरून पुढचं दिसतं.

गिअरवरूनही लोक उगाच घाबरतात. पुढं ३८ दाती एकच चक्र, मागं सगळ्यांत लहान ११ दाती. पायडल मिनिटाला ८० फेरे मारलं तर ताशी ३६ निघतो. कामावर जाताना याहून जास्त कुणाला पाहिजे? पुढं तीन चक्रं म्हणजे बिघडायला एक डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) जादा.

ओढणी सांभाळून

पुरुषमंडळींची सायकल टायर आणि गिअरवरच संपते असं दिसतंय. मी रंकाळ्याकडून ताराबाई पार्कला जाते. ऑफिसात कपडे बदलायला जागा नाही. मला लागतं ते असं: चेनवर पूर्ण कव्हर, दोन्हीकडं पूर्ण लांबीचं मडगार्ड, मागं कॅरिअर, आणि खाली वाकलेली दांडी, म्हणजे भर चौकात पाय टाकून उतरता येतं. यातलं एकही दुकानातल्या ‘वेगवान’ सायकलीवर नव्हतं. मडगार्ड नसेल तर एका सरीत पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो, त्या अंगानं मीटिंगला बसून दाखवा.

आणि पाठीवर बॅग अडकवून चालवू नका, घामानं भिजता. कॅरिअरला लटकवा.

पायडलमारे

हे मुद्दे मी धाग्यातच घ्यायला हवे होते इतके खरे आहेत. एक भर: मडगार्ड लावल्यावर टायर आणि मडगार्डात बोटभर फट राहिली पाहिजे. काळ्या मातीचा चिखल तिथं बसला की चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून फ्रेमला ४२ चा टायर बसतो असं लिहिलं असेल तर मडगार्डासकट ३८ धरा.

राजारामपुरी गल्ली

गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जाताय ना? किटल्या अडकवलेली डबल बारची सायकल आठवा. तिच्या टायरावर २८ × १½ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे रुंदी ४० मिमी. तुम्ही जो शोध म्हणून सांगताय तो आमच्या गवळ्याच्या सायकलीला पहिल्यापासून होता. शॉकअप तर सीटखालच्या स्प्रिंगाच. जड होती, हे खरं. पण तो जुना टायर हायब्रिडला घालायला जाऊ नका, त्याची रिम ६३५ मिमीची.

दुसरं, नवी सायकल घेतल्यावर थोडं चालवून चाकांच्या तारा ताणून आऊट काढून घ्या. मागच्या चाकाच्या तारा तुटतात त्या बहुतेक ढिल्या राहिल्यानं. आणि डिस्क ब्रेक घ्यायचा तर केबलवाला घ्या. तेलवाला चांगला लागतो, पण कागलच्या रस्त्यावर तो बसला तर कुठल्या पंक्चरवाल्याकडं नेणार?

डोंगरवाट

ब्रेकवर गल्लीशी शंभर टक्के सहमत. रिमवर घासणारा ब्रेक पावसाळ्यात चिखलाच्या वाळूनं रिमच खातो. शॉकअपवर मात्र मी हटणार नाही. माझं मनगट एकदा मोडलंय, ते तुमच्या ४० मिमीवर भागत नाही.

वाऱ्याविरुद्ध

हवा किती भरता ते कुणीच सांगितलं नाही.

पायडलमारे

माझं वजन ७५ च्या आसपास. ४० मिमीला पुढं ४५, मागं ५० पीएसआय. पावसाळ्यात दोन्हीकडं पाच कमी. बाजूला लिहिलेला सगळ्यांत मोठा आकडा भरणारे भेटतात, तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. असा दगड करून ठेवला तर जाड टायरचा उपयोग काय? ट्यूबला मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह घ्या, पेट्रोल पंपावरची हवा थेट भरता येते. बारीक, वरचा नट फिरवायचा व्हॉल्व्ह असेल तर खिशात अडॅप्टर लागतो.

डोंगरवाट, मोडलेल्या मनगटापुढं मी गप्प. पण शॉकअप घेणारच असाल तर हवेचा घ्या, तुमच्या वजनाला जुळवता येतो. स्प्रिंगचा नको.

ओढणी सांभाळून

आणि दुकानात चालवून बघताना रिकाम्या अंगानं गोल चक्कर मारू नका. रोजची बॅग, डबा आणि पाण्याची बाटली लावून बाहेरच्या स्पीडब्रेकरवरून न्या. माझी पहिली पसंती तिथंच बाद झाली, पायडलपासून मागच्या चाकाकडं जाणारी फ्रेमची दांडी आखूड होती आणि प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेला लागत होती.